उलटा एप्रन

काकूंनी मला कामावर घेतलं तेव्हा माझ्या आजाराबद्दल एकच गोष्ट विचारली. वेळा.

वहिनी मला घेऊन गेली होती. आम्ही दहिसरला राहतो. काकूंचं पोळीभाजी केंद्र बोरिवली पूर्वेला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. बाहेर स्टीलचा काउंटर, आत लांबट स्वयंपाकघर, मागे एक खिडकी. काकू त्याच इमारतीत वर राहायच्या. वहिनीने मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि आत जाऊन, कुणी वारल्याची बातमी सांगावी अशा आवाजात माझ्याबद्दल सांगायला सुरुवात केली. मला सगळं ऐकू येत होतं. हिला नसलेले आवाज ऐकू येतात हे कळलं की लोकांना वाटतं, असलेले येत नसतील.

"तिला जरा... स्किझोफ्रेनिया आहे. पण औषधं चालू आहेत. कुणाला त्रास नाही."

"गोळ्या कधी घेते?"

"रात्री दोन. सकाळी एक."

"म्हणजे सकाळी डोकं जड असणार. किती वाजेपर्यंत?"

वहिनीला ते माहीत नव्हतं. एका घरात आठ वर्षं राहत होतो आम्ही, पण हे तिने कधी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. काकू हात पुसत बाहेर आल्या. उंच, वाळलेल्या, साडीवर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट, त्यावर हिरवा एप्रन.

"किती वाजेपर्यंत जड असतं गो?"

"नऊ. कधी साडेनऊ."

"मग दहाला ये. पहाटे पाचला बाकीच्या येतात. हात बघू."

मी हात पुढे केले. गोळ्यांमुळे ते थरथरतात. आधीच्या सगळ्या नोकऱ्यांत मी ते टेबलाखाली लपवायची. काकूंनी भाजी बाजारात दुधी बघावा तसे ते उलटेसुलटे करून बघितले.

"लाटायला नको. तव्याजवळ अजिबात नको. कणीक मळ. कणकेला हात हलले तर काय बिघडत नाही."

बस. एवढीच मुलाखत.

त्याआधी माझ्या पाच नोकऱ्या झाल्या होत्या. कुरिअरचं ऑफिस, झेरॉक्सचं दुकान, एका क्लासचं रिसेप्शन आणि अशाच आणखी दोन. कुठे मी स्वतः सांगितलं, कुठे कळलं. क्लासमध्ये कळल्यावर दुसऱ्या दिवसापासून माझा चहाचा कप वेगळा ठेवायला लागले, जसं काही हे उष्ट्यातून लागतं. मी बी.कॉम. आहे, हिशेब कधी चुकला नाही, तरी कुठेही सात महिन्यांच्या वर टिकले नव्हते. दादा म्हणाला होता, "ही नोकरी बघ. ही पण गेली तर राहू दे आता. घरीच राहा, आम्ही आहोत ना." अगदी प्रेमाने म्हणाला. त्या प्रेमाची मला धडकी भरली होती. घरीच राहणं म्हणजे काय ते मला पक्कं माहीत होतं. टीव्हीसमोरची खुर्ची, आणि पाहुणे आले की आतली खोली.

काकू तऱ्हेवाईक होत्या यात शंका नाही. त्या पदार्थ कधी चाखून बघायच्या नाहीत. फोडणी ऐकायच्या. कढईकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि मोहरी तडतडली की म्हणायच्या, "आता टाक." कणीक मळायचं मशीन मुलाने आणून दिलं होतं, ते कोपऱ्यात चादर घालून बसलेलं असायचं. काकू त्याला 'पाहुणी' म्हणायच्या आणि दसऱ्याला तेवढं हळदकुंकू लावायच्या. मनगटावरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे. स्वयंपाकघरात 'सॉरी' आणि 'थँक्यू' दोन्हींना बंदी. "तेवढ्या वेळात एक पोळी उलटून होते," म्हणायच्या. नाकावर राग, जिभेवर मालवणी. व्हॉट्सॲपवर रोजचा मेनू टाकायचा तर त्या बोलून टाकायच्या, आणि लोकांना सकाळी सकाळी काकूंचा खणखणीत आवाज ऐकू यायचा: "आज दुधी आसा. नको त्यांनी विचारू नये दुसरा काय म्हणून."

पण त्यांची खरी तऱ्हा म्हणजे एप्रनचा नियम.

आम्हा सगळ्यांना हिरवे एप्रन होते, समोर खिसा. ज्या दिवशी बरं नसेल त्या दिवशी तो उलटा घालायचा, खिसा आत, शिवण बाहेर. बरं नसण्याचं कारण सांगायचं नाही. पाठ धरली असेल, पाळी असेल, नवऱ्याने काही ऐकवलं असेल, माझ्यासारखं डोक्यात कुणी बडबडत असेल. उलटा एप्रन दिसला की बाकीच्यांनी विचारायचं नाही. त्या बाईला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवायचं, समोर निवडायची भाजी ठेवायची आणि आपल्या कामाला लागायचं. दिवस पूर्ण धरला जायचा.

पहिल्यांदा मी एप्रन उलटा घातला तेव्हा मला वाटलं, आता सगळ्या बघतील. कुणी बघितलं नाही. समोर मटार आले. दोन तास मी मटार सोलले आणि दुपारी एप्रन सुलटा करून परातीशी आले. पुढच्याच आठवड्यात मंदाताई उलट्या एप्रनने त्या स्टुलावर बसल्या. मंदाताई तव्यावर असायच्या, देवगडकडच्या, दणकट, हसऱ्या. त्यांना काय झालं होतं मला आजही माहीत नाही. मी त्यांच्यासमोर गवार नेऊन ठेवली. कितीतरी वर्षांनी मी दुसऱ्या कुणासाठी काहीतरी केलं होतं, आणि त्या आनंदात मी त्या दिवशी कणकेत मीठ घालायला विसरले. काकूंनी उद्धार केला माझा. फार बरं वाटलं.

दुसरा नियम पंख्यामुळे झाला. पहिल्याच महिन्यात एकदा मी परात तशीच टाकून बाहेर गेले. काकू मागोमाग आल्या.

"काय झाला?"

"एक्झॉस्टच्या पंख्यातून बोलतायत."

"कायम? की घरघरतो तेव्हा?"

इतका नेमका प्रश्न मला डॉक्टरांनीही विचारला नव्हता. मी म्हटलं, घरघरतो तेव्हा. संध्याकाळी माणूस येऊन पंखा बदलून गेला. काकू सगळ्यांना सांगत होत्या, "माझं डोकं उठवलं होतं त्याने." नव्या पंख्यातूनही ते बोलले, जरा हळू. काकूंना मी हे कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर ठरवून टाकलं. मला एखादी गोष्ट खरी आहे की नाही हे कळेनासं झालं की मी विचारायचं, जो जवळ असेल त्याला. आणि त्याने 'आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगायचं. तोंड वाकडं करायचं नाही, समजूत घालायची नाही.

मी बहुतेक वेळा मंदाताईंना विचारायची.

"मंदाताई, मला कुणी हाक मारली?"

"नाही गं."

"बाहेर कुणी रडतंय?"

"आहे. वरचं पोरगं. दात येतायत त्याला."

तव्यावरून नजर न काढता त्या सांगायच्या. तीन वर्षांत शेकडो वेळा त्यांनी मला 'नाही गं' म्हटलं असेल. प्रत्येक वेळी माझे खांदे सैल व्हायचे. लोकांना वाटतं आम्हाला धीर हवा असतो. मला उत्तर हवं असायचं.

एका महिला दिनाला इथल्या मंडळाची माणसं आली होती. काकूंचा सत्कार करायचा होता, शाल-श्रीफळ, 'अशा मुलींना' आधार दिल्याबद्दल. मलाही स्टेजवर उभं करायचं होतं. काकूंनी विचारलं, "आमची पोळी खाल्लीत कधी?" त्यांनी खाल्ली नव्हती. काकूंनी त्यांना चार पोळ्या बांधून दिल्या आणि म्हणाल्या, "आधी खावा. चांगली वाटली तर पोळीचा सत्कार करा. ही कणीक मळते, मी हिला आधार देत नाही." मंडळ परत आलं नाही.

त्या कुणासाठी काही करतात असं म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. कारण मला एकदाच कळलं, एका दुपारी लसूण सोलताना. लग्न होऊन त्या लालबागच्या चाळीत आल्या तेव्हा घरात धाकटा दीर होता, माझ्यासारखाच. सासरे गिरणीत, नवरा गिरणीत, आणि दीर पोटमाळ्यावर. अठरा वर्षं. "दोन वेळचं ताट मी वर द्यायची," काकू म्हणाल्या. "कधी चुकलं नाही. गरम द्यायची. पण एकदाही म्हटलं नाही, भावजी, खाली या, ह्या शेंगा सोला." मग बराच वेळ त्या लसूण सोलत राहिल्या. मीही सोलत राहिले.

तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. त्या दिवशी आमच्याकडे झुंबड असते. कांदा-लसूण नाही, गोडाचं हवं, मेथीची भाजी हवी. मी दहाला आत शिरले तर मंदाताईंनी डोळ्यांनीच खिडकीकडे दाखवलं. स्टुलावर काकू बसल्या होत्या. एप्रन उलटा.

तीन वर्षांत काकूंनी एप्रन उलटा घातलेला कुणी बघितला नव्हता. "साडेनऊला पूजा करून खाली आल्या त्या अशाच," मंदाताई माझ्या कानात म्हणाल्या. "मीच मेथी ठेवली पुढ्यात. बसल्या गुपचूप. तू पण गप राहा."

मी गप राहिले. हात धुतले, परातीशी बसले. माझी जागा खिडकीच्या समोर होती, त्यामुळे काकू मला दिसत होत्या. एप्रनची नाडी बांधलेली नव्हती, लोंबत होती. पेपरवर मेथीच्या जुड्या होत्या, काही त्यांच्या उजवीकडे, काही डावीकडे. काकू फक्त उजवीकडच्या घेत होत्या. आणि पानं बादलीत टाकत होत्या. काड्या पातेल्यात.

मी मान खाली घातली. परत वर बघितलं. काड्या पातेल्यात.

तेवढ्यात माझ्या आवाजांपैकी एक, जो शाळेच्या हेडमास्तरांसारखा बोलतो, म्हणाला, "तुझं काम नाही. मळ." त्याने तोंड घातलं म्हणजे मग माझं मला काहीच खात्रीचं वाटत नाही. मी नियमाप्रमाणे विचारलं.

"मंदाताई, काकूंच्या पातेल्यात काड्या आहेत का?"

मंदाताईंची पाठ होती. तव्यावर पोळी फुगली होती, काउंटरवर माणूस ओरडत होता.

"नाही गं," त्या म्हणाल्या.

त्याच आवाजात, ज्यात त्या तीन वर्षं मला सांगत आल्या होत्या. माझे खांदे सवयीने सैल झाले. नाही म्हणजे नाही. मी एक परात कणीक मळली. पाणी, पीठ, तेलाचा हात. मळताना वर बघायचं नाही असं ठरवलं, कारण बघितलं की मला काड्या दिसत होत्या, आणि त्या नव्हत्या. एक परात मळायला मला वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं मी आजही कुणाला नीट सांगू शकत नाही.

परात झाली तशी मी उठले. काकूंना काही विचारलं नाही. पातेल्यात हात घातला, जे हाताला लागलं ते तोंडात टाकून चावलं. कडू, चिवट. मला आयुष्यात नसलेलं खूप ऐकू आलंय. क्वचित दिसलंही आहे. पण नसलेलं कडू कधी लागलं नव्हतं.

मी मूठभर काड्या नेऊन मंदाताईंच्या हातात ठेवल्या.

"बघून सांगा," मी म्हटलं.

त्यांनी हाताकडे बघितलं. मग खिडकीकडे. तव्यावरची पोळी जळाली आणि कुणी उलटली नाही.

मी काकूंसमोर खाली बसले. "काकू, काय होतंय तुम्हाला?"

"विचारूचा नाय," काकू म्हणाल्या. शब्द घसरत होते. तोंडाची डावी बाजू खाली आली होती. डावा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडला होता.

"विचारणार," मी म्हटलं.

रिक्षातून नेलं आम्ही. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर एकच विचारत होते, कधीपासून, नक्की कधीपासून. मंदाताईंना रडण्यामुळे बोलता येत नव्हतं. मी सांगितलं: साडेनऊला खाली आल्या तेव्हा एप्रन उलटा होता हे मंदाताईंनी बघितलं, दहाला मी बघितलं तेव्हा नाडी सुटी होती, डावीकडच्या जुड्या घेत नव्हत्या, पानं बादलीत. "तुम्ही बघितलंत? पक्कं?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, "पक्कं." त्यांनी ते लिहून घेतलं आणि काकूंना आत नेलं. नंतर म्हणाले, वेळेत आणलंत, आणखी आधी आणलं असतं तर आणखी बरं झालं असतं. ते शेवटचं वाक्य मंदाताई घरी घेऊन गेल्या.

दोन महिन्यांनी काकू परत केंद्रावर आल्या, मुलाच्या हाताला धरून. डावा हात गेला होता, आणि डावीकडचं जग त्यांच्यापुरतं गायबच झालं होतं. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची. डावीकडून कुणी आलं तर कळायचं नाही. जीभ मात्र शाबूत होती, जरा जड एवढंच.

मंदाताई त्यांच्या पायाशी बसल्या. "काकू, तिने मला विचारलं होतं. मी न बघता 'नाही' म्हटलं."

"तू तिला नेहमी तेच सांगतेस," काकू म्हणाल्या. "नियम माझा होता. विचारू नका म्हटलं तर तुम्ही बघायचं पण सोडलंत." मग स्वतःशीच म्हटल्यासारखं, "आणि मी उलटा घातलाच नव्हता. मला तो सुलटाच वाटत होता."

मंदाताई त्यानंतर मला उत्तर देण्याआधी गॅस बंद करायला लागल्या. इतकं नको होतं, पण मी अडवलं नाही.

काकू रोज खिडकीजवळ बसायच्या आणि मी त्यांच्या डावीकडे. परात तिकडेच हलवली. त्या समोर बघतच विचारायच्या, "दारात कोण आसा?" मी उठून बघायची आणि सांगायची. "पाणी ठेवलंय का?" मी ग्लासला हात लावायची आणि सांगायची. दिवसातून वीसेक वेळा.

मुलाला हे पटत नव्हतं. चांगला मुलगा आहे, अंधेरीला नोकरी करतो, आईसाठी जीव टाकायचा. एकदा मी समोर असतानाच म्हणाला, "आई, राग मानू नकोस. आपण शिकलेली बाई ठेवू. हिला नसलेलं ऐकू येतं, आणि तू हिला विचारतेस काय आहे, काय नाही?"

मी परातीत बघत होते. मला वाटलं, झालं, सहावी.

"म्हणूनच विचारतंय," काकू म्हणाल्या. "तुम्ही सगळे बघायच्या आधी सांगता. ही बघितल्याशिवाय सांगत नाही."

दुसरी बाई आली नाही.

काकूंना जाऊन आता दोन वर्षं होतील. केंद्र मंदाताई चालवतात, कणीक मी मळते, पाहुणी अजून कोपऱ्यात आहे. दादा 'घरीच राहा' म्हणायचं विसरला. त्याला आठवण करून द्यायची माझी इच्छा नाही.

त्या गेल्या त्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघीच होतो. त्या एका हाताने मेथी निवडत होत्या, पानं पातेल्यात, काड्या बादलीत. मधेच थांबल्या.

"दारात कोणी आसा का गो?"

मी उठले, दाराशी गेले, गल्लीत दोन्हीकडे बघितलं आणि परत आले.

"नाही, काकू."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि मान न वळवता पुढची जुडी हातात घेतली.